कुंकू लावलेली काडतुसं

मी एक जुना अडकित्ता आहे, पण सुपारी कातरणारा नव्हे. माझ्या दोन दांड्यांमध्ये बंदुकीचं रिकामं काडतूस धरतात आणि हाताने दाबून ते पुन्हा भरतात. खरं नाव हातदाब यंत्र. पण दिसायला मी थोरल्या अडकित्त्यासारखा, म्हणून घरात हेच नाव पडलं. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. गळ्यात चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर लाखेची मोहर. मित्रांनो, जे घडलं ते सांगायला बसलो खरा, पण माझा स्वतःचाच अजून त्यावर विश्वास बसत नाही.

माझा जन्म सोलापुरात, सिद्धाराम मिस्त्रींच्या लेथवर. ते यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचे. मला त्यांनी चिंतामणी सरांसाठी बनवलं. सर कॉलेजात गणित शिकवायचे आणि रविवारी नेमबाजीला जायचे. मिस्त्रींनी मला तीनदा घासलं आणि तीनदा नापसंत केलं. शेवटी सरांच्या हातात देताना ते म्हणाले, "धरा सर. पिशवीत मावतंय, टेबलबी लागत न्हाय. पन ह्यातनं काय तयार हुतंय, ते घरात समद्यास्नी सांगून ठेवा." मला रागच आला. बारशाच्या दिवशी कोणी असं बोलतं का?

सरांकडे माझे दिवस मानाने गेले. त्यांच्याकडे बंदुकीचा परवाना होता आणि काडतुसं भरायची लेखी परवानगीही होती. काम करताना ते पंखा बंद करायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवून बायकोला हाक मारायचे, "वैदेही, वाच बघू काय लिहिलंय." वैदेहीबाई पिठाच्या हातांनी यायच्या, वाचायच्या आणि वैतागायच्या. "अहो, मला कुठे बंदूक चालवायची आहे?" सर म्हणायचे, "चालवायची नसेल, पण घर आवरायचं आहे ना?" मला हे सगळं फाजील वाटायचं. मी पोलादाचा, मला कौतुक हवं असायचं. कौतुकही व्हायचं, नाही असं नाही. पाहुणे मला हातात घेऊन दांड्या उघडझाप करून बघायचे.

पुढे सरांची नजर अधू झाली. बंदूक त्यांनी रीतसर जमा केली आणि मी माळ्यावर गेलो. तीन वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. जेऊरच्या पुढे, उजनीच्या पाण्याकाठी सरांची थोडी केळीची बाग होती, ती रामहरी कसायचा. एकदा घरी आला असताना त्याने मला पाहिलं. "सर, ह्ये पडूनच हाय की. माझ्याकडं बंदूक हाय, अन् डुकरं लई मातल्यात." मित्रांनो, चिठ्ठीशिवाय डबा न ठेवणाऱ्या त्या माणसाने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि देऊन टाकलं. रामहरीकडे बंदुकीचा परवाना होता, काडतुसं भरायची परवानगी नव्हती. ती लागते का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मला तेव्हाच धक्का बसायला हवा होता. पण मी आपला खूश, हाताला काम मिळणार म्हणून.

रामहरी वाईट माणूस नव्हे. डुकरं मारण्यापेक्षा पळवून लावण्याकडेच त्याचा कल होता. म्हणून तो दोन जातीची काडतुसं भरायचा. एक छर्ऱ्यांची, आणि दुसरी नुसत्या आवाजाची. दुसऱ्यांना तो 'आवाजी' म्हणायचा. त्यांच्यात छर्रे नसतात, नुसता बार होतो. दोन्ही एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. ओळखू यावीत म्हणून आवाजी काडतुसांना तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठिपका द्यायचा. कुंकू असेल ते निर्धोक, नसेल ते जिवावरचं. ही खूण त्याला ठाऊक होती आणि मला ठाऊक होती. अकरा वर्षांत तिसऱ्या कोणाला ती कळली नाही.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात. रामहरीची बायको सोनाबाई हे काम फार मायेने करायची. विळा, खुरपं, पाना, पहार, बंदूक आणि मी, सगळे ओळीने बसलो होतो. दरवर्षी काडतुसांचा डबा कपाटात कुलपात असे. या वेळी रामहरीने आदल्या दिवशी काडतुसं भरली होती आणि डबा माझ्याशेजारीच राहिला होता.

सोनाबाईने झाकण उघडलं. आत पाहिलं आणि हसली. "निम्म्यालाच कुंकू लावलंय बघा! गडीमानसाचं काम म्हंजी निम्मंच." असं म्हणून तिने उरलेल्या प्रत्येक काडतुसाला बोटाने कुंकू लावलं. एकालाही वगळलं नाही. शेवटच्याला लावून झाल्यावर तिने हात जोडले.

मी काय सांगू! मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं. तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच हाताने, डब्यातलं प्रत्येक काडतूस निर्धोक दिसू लागलं होतं. तिला बिचारीला वाटत होतं, पूजा पुरी झाली.

मग ती ताट घेऊन पाण्याकडे निघाली. काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारीची पूजा राहिली होती, आणि मोटारीची वाट केळीतून जायची. ती गेली, आणि थोड्याच वेळात शेजारचा अमृत बांधावरून ओरडला, "रामहरीमामा, पळा! डुकरं केळीत शिरल्यात!" रामहरी ट्रॅक्टर धूत होता. तसाच ओल्या हातांनी आत आला, पाटाला नमस्कार केला, बंदूक उचलली आणि डब्यातली वरची दोन काडतुसं घेतली. कुंकू आहे हे बघूनच घेतली. छर्ऱ्यांचं काडतूस हाताला जड लागतं, पण घाईत ते त्याच्या ध्यानात आलं नाही. आवाजीच तर आहे, म्हणून त्याने पुढे कोण आहे हेही पाहिलं नाही.

मी पाटावर होतो. बार ऐकला. मित्रांनो, आवाजी काडतुसाचा बार पोकळ असतो. हा भरीव होता. माझंच काम होतं ते, मला कळणार नाही तर कोणाला? पाठोपाठ ताट पडल्याचा आवाज आला, आणि मग रामहरीची किंकाळी. सोनाबाईची नाही, रामहरीची.

अमृतने तिला मोटारसायकलवर स्वतःच्या आणि रामहरीच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं, तिथून सोलापूरला. खांद्यातले आणि गालातले छर्रे निघाले. डावा डोळा मात्र गेला. मी त्या दिवसापासून सुन्न आहे. ज्या कामासाठी माझं कौतुक झालं, ते काम इतक्या नेमकेपणाने झालं होतं, याचाच मला धक्का बसला आहे.

पोलिसांनी मला जप्त केलं आणि रामहरीवर गुन्हा दाखल झाला. मागच्या आठवड्यात नवराबायको जबाबाला आले. शेजारच्याच खोलीत हेमावती हवालदार लिहून घेत होत्या. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"कुंकू का लावलं होतं, ते तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी सोनाबाईला विचारलं.

"कुंकू कशापायी लावत्यात बाई? समदं बरं व्हावं म्हनूनच की."

हेमावतीबाईंचं पेन थांबलं. त्या रामहरीकडे वळल्या. "अकरा वर्षं घरात काडतुसं भरताय. बायकोला एकदाही सांगितलं नाही?"

"बाईमानसाला काय सांगायचं, आसं वाटलं," रामहरी म्हणाला.

ते एवढं सोपं कारण ऐकून मी त्या बंदुकीच्या आवाजापेक्षाही जास्त हादरलो.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, तेलपाणी करा. मी म्हणतो, मला खुशाल वितळवा. पण तुमच्या घरात बंदूक असेल, फवारणीचं औषध असेल, विजेची उघडी तार असेल, तर घरातल्या प्रत्येकाला त्यातला धोका आजच सांगा. जी खूण एकालाच कळते, ती खूण नव्हे.

जबाब संपला. दोघं निघाली. माझ्या खोलीच्या दारावरून पुढे गेल्यावर सोनाबाई ठाण्याच्या उंबऱ्याशी थबकली. एका डोळ्याला अंतर नीट कळत नव्हतं. रामहरीने लगबगीने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"हात ऱ्हाऊ द्या. आदी सांगा, पायरी कुटं हाय."

रामहरीने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. "तीन पायऱ्या हायत. पयली उंच हाय."