वार्सीची सावली

आमच्या जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला क्लिवोन हा वार शुक्रवारी आला, की तो भुताखेतांचा हक्काचा दिवस. त्या दिवशी मुल्योच्या फाउंड्रीसमोर, लोखंडी चाकं ओतायच्या कारखान्यासमोर, जत्राच भरली होती. आत मांत्रिक गोंडो आजोबा वाळूच्या साच्यांवर गुलाबपाकळ्यांचं पाणी शिंपडत होते. आजोबांचे पाय लागल्यापासून मुल्योचं एकही चाक तडकलं नव्हतं, म्हणून लोक भारावून गेले होते.

"लोखंडालाही जीव असतो!" आजोबा गरजले. "विधवेची सावली पडली, म्हणून ते फुटत होतं. आता पहाटेपर्यंत निजू द्या त्याला."

ती विधवा म्हणजे वार्सी, साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करणारी. ईदच्या तोंडावर तिचा नवरा गेला आणि त्याच सुमारास चाकं तडकू लागली. आजोबांनी दोन्हींची गाठ मारून दिली. मुल्योने तिला कामावरून काढलं, आणि गल्लीतली दुसरी कुठलीच फाउंड्री तिला दारात उभी करेना. घरात दोन लेकरं होती. मला संताप आला होता.

मी तंत्रशाळेत धातुशास्त्र शिकवतो. मुल्योला बाजूला घेऊन विचारलं, "ईदच्या घाईत साचे कधी फोडत होतास?"

"एरवी रात्रभर ठेवायचो, पण ईदला मागणी वाढली. ओतलं, थिजलं की लगेच. साच्यांच्या पेट्या मोकळ्या व्हायला नकोत?"

"आणि आता?"

"आता आजोबांचा हुकूम, पहाटेपर्यंत थांबतो. पण गुण पाण्याचाच हं, मास्तर!"

मी कपाळाला हात लावला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आजोबा, ताकद तुमच्या पाण्यात, की थांबण्यात?"

"पाण्यात!" आजोबा फुशारले. "थांबायला काय, म्हशीसुद्धा थांबतात!"

"मग होऊन जाऊ द्या!"

एकाच भट्टीच्या रसातून दोन चाकं ओतली. एकावर पाणी, धूप, मंत्र, सगळा थाट. पण थिजताच साचा फोडला. दुसऱ्यावर काहीच नाही. त्याच्याशेजारी मी वार्सीला बसवलं.

"मास्तर, तडकलं तर लोक मला गावात राहू देणार नाहीत," ती कुजबुजली.

"डबा आणलाय ना? मग जेव निवांत."

तिने भीतभीतच भात आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तेंपे खाल्लं. सावली चांगली साच्यावर पडली होती.

थोड्या वेळाने आजोबांचं चाक 'टक्क' वाजलं. आरा आरपार तडकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वार्सीच्या शेजारचा साचा फोडला. मुल्योने हातोडी मारली, तर चाक गाँगसारखं घुमलं, कुठेही तडा नव्हता. वार्सी ढसाढसा रडली.

"मास्तरामुळे आत्मा रुसला!" आजोबा म्हणाले.

"रुसला, तर मग वार्सीचं चाक कसं वाजतंय?" शेंगदाणेवाली म्हणाली, आणि गर्दी खो खो हसली.

कारण अगदी साधं आहे. चाकाची कड पातळ, ती आधी थंड होते. मधला जाड भाग मागाहून आक्रसतो आणि आऱ्यांना ओढून तोडतो. उबदार वाळूत राहिलं, तर सगळं चाक हळूहळू, जवळजवळ बरोबरीने निवतं. आजोबांच्या साऱ्या थाटात कामाची गोष्ट एकच होती, थांबणं. आणि तीच त्यांनी म्हशींना देऊन टाकली.

वार्सी सोमवारी कामावर आली. मुल्यो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं, ताई."

"साचे कधी फोडणार?" तिने एवढंच विचारलं.

"पहाटे."

बाबांनो, उद्या कुणी एखाद्या बाईला अपशकुनी म्हणालं, तर तिला दाराबाहेर काढण्याआधी एवढं विचारा: त्याच वेळी आणखी काय बदललं होतं?