आठ हात आणि एक मुलाखत

मी एक जुना, आठ हातांचा संगणक आहे. मित्रांनो, हे हात बाहेरून दिसत नाहीत. ते माझ्या पोटातल्या चिपवर आहेत, जाणकार त्यांना कोर म्हणतात. कोणत्या हाताने कोणतं काम किती वेळ करायचं, हे ठरवायला पंगतीत असतो तसा एक वाढपीही माझ्यातच आहे. लग्नाचा व्हिडिओ तयार करणं हे दांडगं काम, पण ते तासभर रखडलं तरी नवरा-नवरी पळून जात नाहीत. बोलणाऱ्याचा आवाज पुढे पोचवणं हे चिमूटभर काम, पण ते त्या क्षणीच व्हावं लागतं.

टेंभी नाक्यावर प्रशांतचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. मी नवा होतो तेव्हा तो मला येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा. माणूस मनाचा मोठा, कोणाला नाही म्हणणं त्याला जमत नाही. प्रत्येक गिऱ्हाईक 'अर्जंट आहे' म्हणतं आणि प्रशांत प्रत्येकाचं काम सगळ्यात वरच्या पायरीवर टाकतो. सगळेच पहिले म्हटल्यावर वाढपी तरी काय करणार? तो आळीपाळीने वाढत राहतो.

नवरात्राच्या तोंडावर रचना आली. खोपटच्या एसटी डेपोतल्या धम्मपाल मेकॅनिकची मुलगी. नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवायची जागा निघाली होती आणि मुलाखत व्हिडिओवर होती. घरी नेट टिकत नाही म्हणून ती माझ्यासमोर बसली.

"दादा, बाकीचं थोडा वेळ बंद ठेवशील?"

"अगं, पार्ट्या संध्याकाळी व्हिडिओ न्यायला येतायत. तुझं पण टॉपला टाकतो ना, टेन्शन नको घेऊ."

माझे आठही हात लग्नांत आणि देवीच्या आगमनाच्या मिरवणुकांत गुंतलेले होते. अपूर्णांक कसे शिकवाल, असं तिकडून विचारलं. रचनाने भाकरी वाटण्याचं इतकं सोपं उदाहरण दिलं की मलासुद्धा कळलं. पण तिच्या आवाजाची पाळी दर वेळी उशिरा येत होती, तिकडे नुसते तुकडे पोचले.

"मॅडम, काही समजत नाहीये."

तिने पुन्हा सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं, मग अडखळली. कळवू म्हणून त्यांनी बंद केलं.

बाहेर बाकावर धम्मपाल बसले होते. "झालं का गं नीट?"

"नाही पप्पा. मलाच बोलता आलं नाही."

तेवढ्यात लग्नाचा व्हिडिओ पूर्ण झाला. प्रशांतने माझ्या डोक्यावर थाप मारली. "जुना आहे, पण वेळेला कधी दगा नाही दिला."

मित्रांनो, त्या शाबासकीने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवावं तर माझं तोंड म्हणजे पडदा, तो सगळ्यांसमोर उघडा.

ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. परवा रचना फोटो काढायला आली, तेव्हा प्रशांतने तिला शेजारच्या मुलांची शिकवणी घेशील का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "नको दादा. मला समजावून सांगता येत नाही रे."

सगळीच कामं तातडीची नसतात, मित्रांनो. समोर जिवंत माणूस बोलत असेल तर त्याला आधी वाट द्या, बाकीची कामं थांबतात. आणि तुमच्यापैकी कोणी रचनाला ओळखत असेल, तर तिला एवढं सांगा. तिचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला होता. ती छान बोलली होती. मीच ते पुढे पोचवलं नाही.