पाळण्यावरचं भोक

विभा खोलीत आली तेव्हा पाळणा नेमका भोकाखाली टांगलेला होता. पत्र्यातून आलेला कवडसा तान्ह्या मुलीच्या दुपट्यावर पडला होता.

"काकू, काल पाळणा इथेच होता?"

"छे गं, तो तिकडे भिंतीशी. दगड इथे पडला आणि माझ्या नातीला ओरखडासुद्धा नाही. म्हणून आज मीच इथे टांगून घेतला. देवाने राखलेली जागा आहे ही." पद्मिनीकाकूंनी झोका दिला.

पंढरीनाथकाका रेल्वेतून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि इकडे उत्तरेतच चिनहटला, कारखान्यांच्या लगत, त्यांनी हे घर बांधलं. विभा भूविज्ञानाची संशोधक. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली ओळख. सकाळी काकांचा फोन आला होता : "घरात उल्का पडलीय. तुझ्याशिवाय कोणाला बोलावू?"

दगड देव्हाऱ्यात होता, कुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. एक बाजू लखलखत होती.

"चिंचेने घासला," काकू म्हणाल्या.

विभाने दगड जवळून पाहिला. उल्केची वरची काळी साल हाच पहिला पुरावा. तोच चिंचेने गेला होता. तिने चुंबक धरला. तो खट्कन चिकटला.

"मैं न कहता था!" काकांनी मांडीवर थाप मारली. "संध्याकाळी चॅनलवाले येतायत."

"मग मी साडी बदलते हो," काकू म्हणाल्या.

"लोखंड आहे, एवढंच कळलं," विभा म्हणाली. "आकाशातून आलेल्या लोखंडात निकेल असतं."

तिने कापसावर निकेल तपासायच्या औषधाचे थेंब टाकले आणि तो घासलेल्या बाजूवर फिरवला. निकेल असतं तर कापूस गुलाबी झाला असता. तो पांढराच राहिला.

"तुझ्या काकूच्या चिंचेमुळे असेल," काका म्हणाले.

"असेलही." तिने तुटलेल्या कडेवर कानस चालवून पुन्हा पाहिलं. पांढरा.

आता तिने दोरा काढला. एक टोक फुटलेल्या फरशीवर दाबलं, दुसरं काकांनी स्टुलावर चढून भोकाशी धरलं. दोरा ताणला गेला. लहान उल्का हवेत वेग गमावून जवळजवळ सरळ खाली येते. हा दोरा चांगलाच तिरका होता. तशीच रेघ पुढे नेली, तर ती मागच्या भिंतीपलीकडे जात होती.

"काका, पलीकडे काय आहे?"

"भंगारवाला. जुन्या गाड्यांचे तुकडे करायचं मशीन आहे त्याचं. दिवसभर धडधड. आज जरा शांतता आहे बघ."

"सुट्टी आहे त्यांना?"

"कसली सुट्टी! कालपासून ट्रान्सफॉर्मर उडालाय, सगळीकडेच लाइट नाही."

विभाने तो लोखंडी तुकडा उचलून कडेवरचं कुंकू पुसलं. खाली एक गुळगुळीत, आत वळलेली खोबण होती. तिने औषधाच्या बाटलीचं झाकण तिच्यात धरलं. ते चपखल बसलं. तिने तुकडा काकांच्या हातात दिला.

काकांचं बोट खोबणीवरून फिरलं, थांबलं, परत फिरलं. चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

"पिनचं भोक आहे हे," ते हळूच म्हणाले. "मशीनच्या आत फिरणारे हातोडे असतात, त्यातला एक तुटलाय. आणि एक तुटला की चाकाचा तोल जातो. मग बाकीचे..."

डोक्यावरचा पंखा थरथरला आणि फिरू लागला.

"आली बाई लाइट एकदाची!" काकू म्हणाल्या.

"काकू, बाळाला घ्या! रस्त्याच्या बाजूला चला, लवकर!"

"अगं, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा..."

विभाने पाळण्यात हात घालून मुलीला दुपट्यासकट उचललं आणि काकूंचा दंड धरून त्यांना समोरच्या दारातून बाहेर काढलं. काका अनवाणीच गल्लीतून पलीकडे धावले. "अरे भैया, बंद करो! मशीन बंद करो!"

भिंतीमागे घरघर सुरू झाली, वाढत गेली. तिच्यात एक लंगडा ठोका होता. विभाला पायांखालची फरसबंदी हादरताना जाणवत होती. मुलगी रडू लागली. काकू वर पाहत होत्या. काहीतरी मोठ्याने खणखणलं. पत्र्यावर की पलीकडेच, ते कळलं नाही. मग आवाज उतरत उतरत थांबला.

काका धापा टाकत परतले. "आत्तापुरतं बंद केलंय. पण मालक ऐकत नाही. म्हणतो, आमचं काही तुटलेलंच नाही."

नातीला विभाच्या कडेवर तशीच ठेवून काकू आत गेल्या. आधी कडीवरून पाळणा उतरवला. मग तो तुकडा पदराला स्वच्छ पुसून काकांसमोर धरला.

"चला. मीही येते. बघू कसा ऐकत नाही ते."