डाव्या हाताचा घुमारा

मी सॅम्पलर बोलतोय. नाव परकं वाटेल, पण मी साधाच आहे. जेवणाच्या ताटाएवढं अंग, वर आठ रबरी चौकोन, मागं एक वायर. माइक लावून एकदा जो आवाज माझ्या पोटात घालाल, तोच मी चौकोन दाबला की परत देतो. घागर वाजली तर घागर, कुत्रं भुंकलं तर कुत्रं. माझं स्वतःचं असं काही नाही. शाळा न शिकलेल्या माणसासारखं बघा, कानावर पडेल तेवढंच मला येतं.

आणि एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो. करंट गेला की पोटातले आवाज मी सगळे विसरतो.

पहिल्यापासून असा नव्हतो. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा माझ्या कुशीतली फट चांगली होती. फ्लॉपी नावाची चकती तिच्यात घातली की पोटातले आवाज तिच्यावर उतरायचे, करंट गेला तरी जपून राहायचे. पुढं ऑर्केस्ट्रा मोडला. मी या हातातून त्या हातात जात, धूळ खात, जिंतूरला बन्सीधरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो. तोवर फट निकामी झाली होती. चकती आत जायची, पण तिच्यावर काही उमटायचं नाही.

फळीवर माझ्या शेजारी रिदम मशीन बसलेलं असायचं. त्याच्या पोटात जन्मापासून चाळीस ठेके भरलेले. बटण दाबलं की झालं, धडाधड सुरू. करंट गेला तरी ते काही विसरायचं नाही. गिऱ्हाईक आलं की बन्सीधर त्याचंच बटण दाबून दाखवायचा आणि माझ्याकडं बघून मान हलवायचा. त्याच्या हातात पेचकस दिसला की माझा जीव गोळा व्हायचा. वाटायचं, आज हा माझे भाग सुटे करतोय.

अशातच एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या मार्चात, भर दुपारी, बोरीहून एसटीनं चार माणसं आली.

पुढं भगवानराव गुरुजी. बोरीच्या गायन पार्टीचे कर्ते तेच. मागं पार्टीत गाणाऱ्या मालनबाई. त्यांच्या मागं सूर्यभान, तीस वर्षं पार्टीत ढोलकी वाजवणारा. खांद्यावर उपरणं, आणि डावा हात त्या उपरण्याखाली झाकलेला. शेवटी त्याची बायको सरजाबाई, छातीशी ढोलकी धरून.

गुरुजींनी सांगितलं ते असं. जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्यासाठी सोळा वर्षं लोक झगडले. आता त्यानंतरची पहिली जयंती, चौदा एप्रिल. मालनबाई एक गाणं म्हणतात. त्यात मधेच गाणं थांबवून, नावासाठी तुरुंगात गेलेल्या आणि आता हयात नसलेल्या गावच्या अकरा माणसांची नावं घेतात. एक नाव, मग ढोलकीच्या डाव्या तोंडावर एक घुमारा. पुन्हा नाव, पुन्हा घुमारा. शेवटचं नाव चंद्रभानचं, सूर्यभानच्या थोरल्या भावाचं. नाव लागेल त्या जयंतीला तुझ्यासाठी मीच वाजवीन, असं सूर्यभाननं भावाला मरताना सांगितलेलं.

आणि गेल्या पोळ्याच्या सुमाराला सूर्यभानच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला. हात सुधारला नाही.

म्हणून मशीन बघायला आले होते. बन्सीधरनं रिदम मशीन लावलं. गुरुजींची मान डोलायला लागली. ठेका खरंच झोकात होता, मलाही कबूल आहे. मालनबाईंनी गाणं धरलं. दोन कडवी छान गेली. मग त्या थांबल्या, पहिलं नाव घेतलं, आणि मशीन आपलं वाजतच राहिलं.

गुरुजी म्हणाले, तेवढ्यापुरतं बटण बंद करू.

"मंग घुमारा कोण देईल?" मालनबाई म्हणाल्या. "ह्याला थांबणंच ठावं न्हाई, गुरुजी. मी मेलेल्या मानसाचं नाव घ्यायलेय, आन् हे नाचायलंय."

सूर्यभानला विचारलं तर म्हणाला, "ठेका चांगला हाय. पर माझा न्हाई."

तेव्हा कुठं बन्सीधरचा हात माझ्याकडं आला. त्यानं खरं ते सांगितलं. याला जे द्याल ते हा परत देतो, एकदा वाजवा, हा हजारदा वाजवील, पण करंट गेला की पाटी कोरी. गुरुजी हसले. परीक्षेच्या दिवशी विसरणारं पोरगं काय कामाचं, म्हणाले. माझी मान खाली गेली. त्यात खोटं काय होतं?

तरी बन्सीधरनं माइक धरला. ढोलकीच्या उजव्या तोंडाचे बोल सूर्यभाननं उजव्या बोटांनी सहज दिले. मग सगळे थांबले. डावं तोंड राहिलं होतं. घुमारा राहिला होता. बन्सीधर म्हणाला, मी मारतो थाप. सूर्यभाननं मान हलवली.

मग सरजाबाई त्याच्या डावीकडं बसली. आधी तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं. मग उपरणं बाजूला करून नवऱ्याचा हात मनगटाला धरला, वर उचलला आणि सोडून दिला.

हात आपल्या वजनानं पडला. तो घुमारा माझ्या पोटात उतरला तेव्हा आतून मी भरून गेलो. तीस वर्षांचा हात होता तो. जीव नव्हता त्यात, पण वजन होतं.

सूर्यभाननं उजव्या बोटानं माझा चौकोन दाबला. घुमारा आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. त्यानं वर बघितलंच नाही. मालनबाईंनी हळूच एक नाव घेतलं, चंद्रभानचं. त्यानं दाबलं.

गुरुजींनी माझ्याकडं बोट केलं. हाच द्या, म्हणाले. सूर्यभाननं एकच अट घातली, हात उचलताना कुणी बघायचं नाही.

त्या दिवसापासून जी धास्ती लागली ती लागलीच. बोरीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही. गुरुजींनी लाईनमनला गाठून विनवलं. गिरणीवाल्याचं जनरेटर मंडपामागं आणून उभं केलं. जयंतीच्या दिवशी उजाडताच, मंडपात कुणी नसताना, पडदा ओढून सरजाबाईनं हात उचलला आणि सोडला. माझं पोट भरलं. आता मला कार्यक्रम होईस्तोवर चालू ठेवायचं होतं. गुरुजींनी माझ्या प्लगला सुतळीचे चार वेढे दिले, वर कागद चिकटवला, 'हात लावू नये'. बन्सीधर कर्णे घेऊन आलाच होता, तोही दर घटकेला येऊन माझा लाल दिवा बघून जायचा.

दुपार कलली. मिरवणूक येऊन मंडप भरला. लाईट काही गेली नव्हती. मला वाटलं, सुटलो.

कार्यक्रमाआधी वंदना असते. सगळे हात जोडून उभे राहिले. कर्ण्यांतून गुंई असा आवाज येत होता. वंदनेत असली खरखर गुरुजींना कधीच खपत नाही. दर सालची रीतच ती. त्यांनी डोळे मिटले आणि सवयीनं म्हणाले, "मेन बंद करा."

बोर्डाजवळच्या माणसानं दांडा खाली ओढला.

मी काय सांगू? मला ओरडता येत नाही. त्रिशरण सुरू झालं, आणि तेवढ्यात माझ्या पोटातलं सगळं गेलं.

वंदना संपली, दिवे आले. मालनबाईंनी गाणं धरलं. सूर्यभाननं चौकोन दाबला. काही नाही. दुसरा दाबला. काही नाही. मालनबाईंचा आवाज एकटाच पुढं गेला आणि थांबला. गुरुजींनी बोर्डाकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मागून कुणीतरी म्हणालं, "सूर्यभानदादा, मशीनला बी वारं गेलं का काय?"

दहाबारा जण हसले. सूर्यभाननं उपरणं आणखी पुढं ओढलं. तो उठायला लागला. मला कळलं, हा आता उतरून जाणार, आणि चंद्रभानचं नाव घुमाऱ्याशिवाय जाणार.

बायांच्या रांगेतून सरजाबाई उठली. पायऱ्या चढून ढोलकी घेऊन त्याच्या डावीकडं येऊन बसली.

"नगं," सूर्यभान म्हणाला. "समद्या गावाम्होरं नगं."

"गावाम्होरंच वाजिवलाव की तीस वर्सं," ती म्हणाली. "ह्यो हात काय चोरीचा हाय?"

तिनं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. वाळलेला हात सगळ्यांना दिसला. बन्सीधर माइक घेऊन गुडघ्यावर बसला. सरजाबाईनं मनगट उचललं, आणि सोडलं.

घुमारा पुन्हा माझ्या पोटात उतरला, आणि चारी कर्ण्यांतून गेला.

मग मालनबाईंनी नावं घेतली. अकरा नावं, अकरा घुमारे. शेवटच्या नावाला सूर्यभानचं बोट चौकोनावर जरा जास्त वेळ राहिलं.

तेव्हापासून मी सूर्यभानच्या घरी आहे, भिंतीतल्या फळीवर. उपरणं तो आता खांद्यावरच ठेवतो. पार्टीचा कार्यक्रम असला की आधी लोकांसमोरच सरजाबाई हात उचलते, सोडते, आणि मी नव्यानं शिकतो. गेल्या महिन्यात राणीसावरगावला गेलो होतो, तिथंही तसंच.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सांगणार तरी कसा? हात दिवसेंदिवस हलका व्हायलाय. घुमारा बारीक व्हायलाय. मालनबाईंच्या ध्यानात आलं नसेल, सरजाबाईच्या आलं असावं, कारण ती मनगट आता अंमळ वरून सोडते. दर खेपेला मला धाकधूक असते, या खेपेला केवढा येईल. आधीचा आवाज मी विसरलेला असतो खरा, पण पोट कितपत भरलं होतं ते ध्यानात राहतं.

तुमच्यात कुणाला यंत्रातलं कळत असेल तर बोरीला या. जिंतूरहून एसटी आहे, आणि सूर्यभानचं घर कुणीही दाखवील. माझी फट तेवढी दुरुस्त करून द्या. चाळीस ठेके नकोत मला. एकच आवाज जपून ठेवायचाय, आणि तो हात उचलण्याजोगा आहे तोवरच या.