तिसऱ्या विहिरीपलीकडे

"दहापैकी दोन," मुलीने कॅमेऱ्याकडे बघून निकाल दिला आणि दारात उभ्या असलेल्या बाबाच्या हातातला कप बशीवर कडकन वाजला.

"बाबा! रेकॉर्डिंगमध्ये आला ना आवाज!"

"येऊ दे. दोन? अगं, पेपरावर नुसतं नाव लिहिलं तरी दोन मिळतात."

टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलवरचे व्हिडिओ गेम आजच्या नजरेने कसे वाटतात, हे ती दर रविवारी पाच वाजता आपल्या चॅनलवर व्हिडिओ टाकून लोकांना सांगत असे. आजचा खेळ घरातलाच होता. टोपीवाला बुटका हातात कंदील घेऊन विहिरींवरून उड्या मारत जातो, एवढीच त्याची गोष्ट. पण त्या बुटक्याने या घराला जी माया लावली होती, ती देवच जाणे. आई नर्स होती. ड्यूटीवरून आली की चपला काढायच्या आधी म्हणायची, "लावा हो, एक डाव." पहिल्या खेळाडूची टोपी निळी, दुसऱ्याची लाल. निळा पडला की जिथवर पोचला असेल तिथून लाल पुढे निघणार. निळी टोपी बाबाची, लाल कायम आईची. तिसरी विहीर मात्र बाबालाही कधी जमली नाही, आणि तिला तर आयुष्यभर ओलांडता आली नाही. दर वेळी पडायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

"मी पस्तीस वेळा पडलेय तिथे," मुलगी म्हणाली. "बटण दाबते, उडी उशिरा. खेळच भिकार आहे, मी काय करू? खोटं बोलू लोकांशी?"

"खोटं नको. परत खेळ बघू."

बाबा चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त करत आलेला; सगळी गल्ली त्याला डबा डॉक्टर म्हणे. मुलगी खेळू लागली. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तिच्या अंगठ्याकडे बघत होता.

"बये, खेळाला कशाला शिव्या देतेस? तुझा हा भिंतीवरचा पातळ टीव्ही चित्र आधी सजवतो, मग दाखवतो. तेवढ्यात तू विहिरीत! आमच्या डब्याला नटायची सवय नव्हती. आलं चित्र की दाखवलं."

"मग पाचच्या आत आण तुझा डबा. नाहीतर दोन कायम."

तीन वाजले होते. पलंगाखालून जुना टीव्ही ओढताना दोघांच्या नाकी नऊ आले.

"बाबा, यात दगड भरलेत का?"

"तुझ्या आईने एकटीने जिना चढवला होता. मला म्हणाली, तुम्ही नुसती वायर धरा."

डबा सुरू होईना. बाबाने मागचं झाकण उघडलं, धूळ फुंकली, एक फुगलेला कपॅसिटर बदलला, दोन सुटलेले टाके सोल्डरने पक्के केले. टाका अजूनही अचूक जागी बसत होता. साडेचारला काचेवर आधी एक ठिपका उजळला, मग सगळं चित्र उमललं. बाबाने नकळत हात जोडले.

खेळाने विचारलं, खेळाडू एक की दोन? सवयीने त्याने दोन निवडले आणि पहिलं कंट्रोलर मुलीला दिलं. दुसरं सतरंजीवर तसंच राहिलं.

पहिली विहीर. दुसरी. तिसरीला तिने श्वास रोखला, बटण दाबलं, आणि निळी टोपी अलगद पलीकडे!

"गेला! बाबा, गेला!" ती लहानपणीसारखी किंचाळली. कॅमेरा चालूच होता. तिने त्याच्याकडे वळून प्रांजळपणे सांगून टाकलं, "मंडळी, चूक माझ्या टीव्हीची होती. संगीत अजूनही डोकं उठवतं, गोष्ट नावाला नाही. पण उडी सोन्यासारखी आहे. दहापैकी सहा."

"सहाच?"

"बाबा!"

"बरं बरं. पास झाला, पुष्कळ झालं."

चौथ्या विहिरीत निळी टोपी पडली. लगेच तिसऱ्या विहिरीच्या पलीकडच्या काठावर, कंदील घेऊन, लाल टोपी येऊन उभी राहिली.

मुलीने दुसऱ्या कंट्रोलरकडे हात नेला.

"थांब गं जरा," बाबा चष्मा पुसत म्हणाला. "पहिल्यांदाच आलीय ती इकडे. बघू दे तिला."