पंच्याहत्तरातले निम्मे

मी काच बोलतेय. आरशाची नव्हे, खिडकीची. गुंद गावच्या महाबळेश्वरकाका वेळिपांची पांढरी जीप जोयड्याच्या रस्त्यावर रोज धावते. तिच्या डाव्या बाजूच्या मधल्या दारात मी बसते. माझ्याकडे मुद्दाम कुणी पाहत नाही, सगळे माझ्यातून पाहतात. तोच माझा मान. तो मी एकदा गमावला होता.

वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळली आणि माझा जन्म झाला. मग मला पुन्हा तापवून दाराच्या आकारात वाकवलं आणि लगेच गार वाऱ्याचा मारा केला. त्यामुळे मी घट्ट झाले. फुटलेच तर माझ्या सुऱ्या होत नाहीत, जोंधळ्याएवढे बोथट दाणे होतात. अंगात फिकट हिरवी झाक होती. कारखान्यातल्या एकाने यंत्र लावून मोजलं. माझ्यावर पडलेल्या शंभर भाग उजेडातले पंच्याहत्तर भाग पलीकडे जात होते. "चांगली आहे," तो म्हणाला. आयुष्यातलं ते पहिलं कौतुक, म्हणून आकडा लक्षात राहिला.

गुंदला आल्यावर मला इथल्या माणसांची एक सवय कळली. जीप थांबली की बायका आधी दार उघडत नाहीत. कपाळावर हात धरून माझ्यातून आत डोकावतात. ओळखीचा चेहरा दिसला, एखादी बाई बसलेली दिसली, की मगच चढतात. रस्ता जंगलातला आहे. मैलभर घर दिसत नाही. आत कोण आहे हे पाहणं म्हणजे इथे चौकशी नव्हे, शहाणपण आहे. किती नाकांचे ठसे माझ्यावर उमटले असतील! मला ते आवडायचे.

जानेवारीत महाबळेश्वरकाका एका लग्नाला शहरात गेले. तिथे काळ्या काचांच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या. काकांना आपली जीप एकदम जुनाट वाटू लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका दुकानात माझ्यावर आणि माझ्या सगळ्या बहिणींवर काळी फिल्म चिकटवून घेतली. फक्त पुढची मोठी काच तेवढी सुटली.

"पोलिसांनी धरलं तर?" काकांनी विचारलं.

"पन्नास टक्के उजेड सोडणारी आहे," दुकानदार म्हणाला. "काचेला पन्नासच लागतात. कायद्यात बसते."

काका खूश झाले. मला मात्र डोळ्यांवर कुणी फडकं बांधल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी वळणावर शांताबाई कंदांची पाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नेहमीसारखं माझ्याशी नाक लावलं. त्यांना दिसला फक्त त्यांचाच चेहरा.

"भावजी, आत कोन हाय?"

"बसा की वैनी, जागा हाय."

"जागा इचारली न्हाई मी. मानसं इचारली."

आत त्यांच्याच वाडीतल्या तिघी बसल्या होत्या. त्या जोरजोरात हात हलवत होत्या. शांताबाईंना त्यातलं काहीच दिसलं नाही. त्यांनी पाटी उचलली आणि त्या चालत्या झाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी सांगून टाकलं, "ज्या गाडीतलं मानूस दिसत न्हाई, त्या गाडीत माझी लेक रक्षा बसायची न्हाई." दुसऱ्या दिवसापासून आणखी सहा घरांनी तेच केलं. त्या सात मुली जोयड्याच्या हायस्कूलला माझ्याच जीपने जात. शाळेच्या वेळेला दुसरी गाडी नाही. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. रक्षा नववीत. शाळा बुडत राहिली तर वर्ष जाणार होतं, आणि एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत जाईलच, असं कुणी सांगावं?

काका चिडले. "कायद्यात बसतंय ते काढायचं का म्हून? येत्या सोमवारी दांडेलीला गाडीचं पासिंग हाय. पास झाली की मग बोला म्हनावं."

रविवारी सकाळी ते अंगणात जीप धूत होते. तेवढ्यात रक्षा आली. तिच्या हातात वही होती आणि मागे शांताबाई होत्या. रक्षा घरच्यांशीसुद्धा हळू बोलते. पायाच्या अंगठ्याने माती उकरत ती म्हणाली,

"काका, पास न्हाई व्हनार."

"का? मास्तरीण झालीस व्हय?"

"शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताहात आरटीओचे साहेब आले होते. मी उतरून घेतलंय." तिने वही उघडली. "पुढच्या आणि मागच्या काचेतून शंभरातला सत्तर भाग उजेड आरपार गेला पाहिजे. बाजूच्या काचांतून पन्नास."

"मग? माझी पन्नासचीच हाय."

"फिल्म पन्नासची. पन काच? काच कुठं सगळा उजेड सोडते? साहेब म्हनाले, ती सोडते साधारन पंच्याहत्तर. त्यातला निम्मा फिल्म अडवनार. म्हंजे साडेसदतीस. आनि मागच्या काचेला सत्तर लागतात, तिथंबी तुम्ही हीच लावलीया."

मी दारात बसून आनंदाने थरथरले. माझा आकडा! कारखान्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझा हिशेब केला होता.

काका हसले. "कागदावरचं गनित कागदावर."

रक्षाने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. पण ती दुकानातून आलेला फिल्मचा उरलेला तुकडा शोधून घेऊन आली. तो तिने वहीच्या पानावर धरला. "वाचा." काकांनी वाचलं. मग तिने माझं दार उघडलं, वही माझ्यामागे धरली. "आता वाचा." काका पुढे वाकले. मागे सरले. पुन्हा वाकले. तीच वही, तीच अक्षरं, पण अंधारात गेलेली.

काका सरळ झाले. मग त्यांनी डोकं खाजवलं. "वैनी, तुमच्या चुलीवर पानी हाय का कढत?"

"हंडा भरून हाय!" शांताबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

मग काय सांगू! सातही मुली जमल्या. कढत पाणी, साबण, नखं, जुन्या वह्यांचे पुठ्ठे. फिल्म कोपऱ्यातून सुटली, चर्र करत निघाली आणि उजेड धाडकन आत शिरला. प्रत्येक काच मोकळी झाली की मुली ओरडायच्या. सगळ्यात मोठ्याने ओरडली ती रक्षा.

सोमवारी दांडेलीत काका तपासणी अधिकाऱ्यांना सांगू लागले, "साहेब, फिल्म होती, पन पन्नासचीच—"

"फिल्म कितीची ते नका सांगू," अधिकारी म्हणाले. "आरपार किती येतं ते मी बघतो." त्यांनी यंत्राचे दोन तुकडे माझ्या दोन्ही अंगांना लावले. आकडा उमटला: चौऱ्याहत्तर. एक भाग प्रवासात झिजला असेल, माझी हरकत नाही. मागच्या काचेवर त्र्याहत्तर. कागदावर शिक्का पडला. काकांनी तो शिक्का फुंकर घालून वाळवला. "पोर बरोबर होती," ते जीपशीच बोलले.

मंगळवारी सातही मुली शाळेला निघाल्या. अणशीच्या जंगलातून आलेला एक गवा रस्त्याकडेच्या कारवीच्या झुडपांत उभा होता. तो रक्षाने माझ्यातून आधी पाहिला. "काका, थांबा!" ती एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली की सगळ्या तिच्याकडेच बघत राहिल्या. गवा डौलात पलीकडे गेला. जीप पुढे निघाली आणि पहिली घंटा व्हायच्या आत शाळेच्या फाटकाशी पोहोचली.

आज माझ्या एका कोपऱ्यात डिंकाचा थोडा चिकटा राहिला आहे. ओरखडेही आहेत. तरी मी ताठ बसते. वाचकहो, गाडीच्या काचेवर काही लावण्याआधी नियम नीट विचारा, आणि मोजायचं तर फिल्म नका मोजू, आरपार येणारा उजेड मोजा. आता मला रजा द्या. काकांनी गाडी सुरू केली आहे, आणि रक्षा आज पुढच्या सीटवर बसली आहे.