लेकाच्या बोटांचे घट्टे

माझा थोरला हल्ली भांडी घासतो, आणि मला ते अजिबात खपत नाही.

घासतो तेही कसं, तर पातेल्याचा तळ आरशासारखा. मी चहाचा कप खाली ठेवायचा अवकाश, हा घ्यायला उभाच. लग्न झालं, पोरं शाळेत जायला लागली, तरी या गृहस्थाने घरातला एक चमचा विसळला नव्हता. बोलायला गेलं की डावा हात नाचवायचा. "आई, घट्टे!"

घट्टे म्हणजे गिटारच्या तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांना आलेलं जाड कातडं. पाण्यात भिजलं की ते मऊ पडतं, मग तारा बोटात रुततात, असं याचं शास्त्र. राजाच्या मुकुटाला कोणी जपलं नसेल, इतकं आम्ही त्या कातड्याला जपलं. भांडी मी घासली, कपडे सुनेने धुतले. महाराज आंघोळसुद्धा एक हात वर करून करायचे, कोणी बंदूक रोखल्यासारखे.

शाळा संपता संपता कोणाची तरी जुनी गिटार याने घरात आणली, तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली. मग विजेवरची आली, तिच्या मागोमाग कपाटाएवढा स्पीकर आला. तो सुरू झाला की फळीवरचे माझे डबे सरकत सरकत कडेला यायचे. खालचा शिंपी वर येऊन म्हणायचा, "ताई, पाय न लावता मशीन चालतंय, फक्त शर्टाची विजार होतेय." पुढे चौघांनी मिळून रॉक बँड काढला. त्याचं नाव इतकं भीषण ठेवलं, की शेजारणींना मी नुसतं 'वाजवायला जातो' एवढंच सांगायची. केस कमरेपर्यंत वाढवले. सून बघायला गेलो तर तिच्या आईला कळेना, दोघांतली नवरी कोणती.

एवढं होऊन लोक तिकिटं काढून यायचे. मीही एकदा गेले. गाणारा पोटात कळ आल्यासारखा ओरडत होता, ड्रमवाला कोणाचा तरी सूड घेत होता. मग मध्येच सगळे थांबले आणि आमचा एकटाच वाजवत राहिला. माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, कान दुखले असतील बिचारीचे. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, तिथे धूर फार सोडतात.

यथावकाश केस गेले, पोट आलं, आणि गेल्या महिन्यात हा अचानक पातेल्यांच्या प्रेमात पडला. गिटार पलंगाखाली गेली. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, कंटाळा आला." सून इस्पितळात नर्स आहे, दिवसभर पायांवर उभी असते. मला वाटलं ही खूश असेल. तर म्हणाली, "आई, भांडी घासतात ते ठीक आहे हो, पण घर फार गप्प झालंय."

काल संध्याकाळी बँडचा गाणारा आला, तेव्हा उलगडा झाला.

"काकू, तुम्हीच समजवा त्याला," बिस्किटं खात म्हणाला. "फक्त पडद्यामागे बसून वाजवायचंय. पुढे एक देखणा मुलगा गिटार घेऊन उभा राहील, नुसता हलेल. आजकाल लोकांना बघायलाही लागतं ना!"

"म्हणजे वाजवणारा आत आणि हलणारा बाहेर?"

"आवाज तर याचाच राहणार!"

"मग तूही आत बस की. तुझं पोट तर तुझ्याआधी दारातून आत आलं."

त्याने शर्ट खाली ओढला. "माझं वेगळं आहे, काकू. लोक मला ऐकायला येतात."

"तुला ऐकल्यावरच तर त्यांना याची किंमत कळते."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

गाणाऱ्याने घाम पुसला. "खरं सांगू का? दुसऱ्या दोघांकडून वाजवून बघितलं. नाही जमत कोणाला. कार्यक्रम जवळ आलाय."

"मग हा वाजवेल, पण पुढे उभा राहून. टकलासकट."

"टोपी तरी घालेल का?"

"नाही."

शेवटचं बिस्किट संपवून तो म्हणाला, "बरं. पण त्याला विचारा तरी. माझा फोनच उचलत नाही."

ओले हात घेऊन थोरला दारात येऊन उभा होता. "मी सोडलंय आता," म्हणाला. "नोकरी बघतोय. त्यांचं चुकलं नाही, आई. कोण बघणार या अवताराला?"

मी त्याचा डावा हात ओढला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. लोण्यासारखी बोटं! माझ्याच घरात, माझ्याच साबणाने इतक्या वर्षांची कमाई धुऊन काढली होती मेल्याने.

"घट्टे परत यायला किती दिवस लागतात?"

"रोज वाजवलं तर... तीनेक आठवडे. पण आई—"

"पण नाही न् बिण नाही. उद्यापासून मोरीकडे फिरकलास तर तंगडं मोडून हातात देईन. इतकी वर्षं तुझे हात कोरडे ठेवले, ते पडद्याआड लपायला नाही. काढ ती पलंगाखालून. आणि भांड्यांचं म्हणशील तर," चकचकीत पातेल्याकडे पाठ करून मी म्हटलं, "तळ अजून काळाच आहे. या धंद्यात तुझं काही खरं नाही."